द्रौपदीबाईंचं बाकडं आणि माझं गुलाबी पत्रक

माझं झेरॉक्सचं दुकान आणि द्रौपदीबाईंचं मसाला कांडप यांच्यामध्ये भिवंडीतल्या नारपोलीची एक गल्ली आहे, आणि ती गल्ली फार अरुंद आहे. त्यामुळे होळी झाली की मे संपेपर्यंत मी शिंकतो. बावीस वर्षं शिंकतोय. आधारकार्डाची झेरॉक्स काढताना शिंक आली की कार्ड सरकतं, माणसाचा अर्धा चेहरा उडतो आणि गिऱ्हाईक मला बोलतं. मग मी रस्ता ओलांडून द्रौपदीबाईंना बोलतो. त्या शांतपणे म्हणतात, "चांगदेव, दुकान तू नंतर टाकलंस. मिरची आधी होती." मग मी शिंकत परत येतो.

बाईंचं वय आता अडुसष्ट. नवरा कोंडू इथल्याच एका कारखान्यात लूम चालवायचा. शेटने लूम भंगारात काढले तेव्हा कोंडूने कल्याणहून एक जुनं कांडप मशीन आणलं. ओळीने चार लोखंडी मुसळं, खाली चार उखळं, एक पट्टा आणि एक मोटर. जाता जाता कारखान्यातलं एक लांब लाकडी बाकडंही तो उचलून घेऊन आला. कारागीर त्यावर चहा प्यायला बसायचे, आता गिऱ्हाइकं बसतील, एवढाच त्याचा विचार. दोन हंगाम त्याने धंदा केला आणि एका पावसाळ्यात तापाने गेला. बाईंनी तोवर मशीनच्या बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. भाऊबंदांनी सांगितलं, विकून टाक. बाईंनी पदर खोचला आणि बटण दाबलं.

त्यांची कांडायची एक रीत आहे, आणि त्या रीतीवरच सगळा धंदा उभा आहे. मिरची ज्या बाईची, तिने समोर बसायचं. मागच्या बाईचा मसाला काढून झाला की द्रौपदीबाई उखळ पुसतात, कोरडे तांदूळ फिरवून पुन्हा पुसतात आणि म्हणतात, "उखळ बघ." बाईने उठून, वाकून, उखळात डोकावून बघायचं. "बघितलं का?" "बघितलं." मगच बटण. आमदाराची बायको असो की धुणीभांडी करणारी असो, वाकल्याशिवाय मुसळ खाली पडत नाही. नंतर तिची घाणी, म्हणजे तिच्या मिरच्यांची कुटणी, संपेपर्यंत तासदीड तास ती बाई बाकड्यावर. नाकाला पदर, डोळ्यांना धार, आणि तोंडाला मात्र विश्रांती नाही. कोणाची सून कशी, कोणाची सासू कशी, कोणी कोणाशी पळून लग्न केलं, हे सगळं मला माझ्या काउंटरवर बसून, शिंकांच्या अधल्यामधल्या फटीतून ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही. गल्ली अरुंद आहे.

हंगामाची पहिली घाणी जवळच्या पूर्णा गावच्या कमळाबाईंची. कोंडू गेल्यावर ज्या दिवशी बाईंनी एकटीने दुकान उघडलं, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. बाईमाणसाला मशीन जमेल का, हा सगळ्यांना प्रश्न. कमळाबाई तेव्हा पूर्ण्याहून डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं घेऊन चालत आल्या आणि बाकड्यावर बसल्या. आता त्यांच्या भाताच्या खाचरांवर गोदामं उभी आहेत, मुलगा गाडीने सोडायला येतो, घरात तिखटाची तयार पाकिटं सहज येतील. तरी धुळवडीनंतरचा पहिला सोमवार म्हणजे कमळाबाई. त्यांची घाणी झाल्याशिवाय द्रौपदीबाई दुसऱ्या कोणाची मिरची घेत नाहीत, स्वतःच्या घरचा मसालाही करत नाहीत. या दोघी एकमेकींना दुरपे आणि कमळे म्हणतात. बाकी कोणाची तशी हाक मारायची छाती नाही.

आता दीक्षाकडे येतो. ही बाईंची नात, त्यांच्या मुलाची, रवींद्रची, मुलगी. पूर्ण्याच्या एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात नोकरीला आहे, मार्केटिंगचं शिकली आहे, हुशार आहे आणि आजीवर तिचा जीव आहे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिने जे केलं ते ऐकून तुम्हाला तिचा राग येईल. मलाही आला होता, पण माझा त्यात वाटा असल्यामुळे मला तो धड करता आला नाही.

या वर्षी होळीच्या आधी दीक्षा ऑफिसातून महिनाभराची रजा काढून माझ्या दुकानात लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "काका, धंद्याचा पहिला नियम काय? गिऱ्हाइकाचा त्रास शोधायचा आणि तो दूर करायचा. मी दोन वर्षं बघतेय. आजीकडे बायका उन्हात दीड तास बसतात, खोकतात, रडतात. कशासाठी? मिरची देऊन घरी जावं, मसाला आपण पोचवू."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, पत्रकं छापायचं काम मला मिळणार होतं आणि पत्रकात 'शिंका नाहीत' असे दोन शब्द होते, ते मला फार आवडले. मी गुलाबी कागदावर पाच हजार पत्रकं काढून दिली:

"ताईंनो, आता कांडपासमोर बसू नका! मिरची द्या आणि निश्चिंत घरी जा. डोळ्यांत पाणी नाही, शिंका नाहीत, वेळ वाया नाही. मसाला बंद पाकिटात, घरपोच!"

पाकिटावर द्रौपदीबाईंचा हसरा फोटो. तो काढताना बाई तीनदा म्हणाल्या, "मी अशी हसत न्हाय." पण पोर शिकलेली, पोर आपली. त्या नातीला नाही म्हणू शकल्या नाहीत. पाकिटं ठेवायला काउंटर आलं आणि काउंटरला जागा हवी म्हणून बाकडं बाहेर निघालं. ते कुठे ठेवायचं हा प्रश्न मी उदारपणे सोडवला. माझ्या दुकानासमोर ठेवून घेतलं. माझी गिऱ्हाइकं ऐटीत बसू लागली.

पत्रकांच्या जोडीला राघोची रिक्षा. भिवंडीत ज्याला काही सांगायचं असतं तो राघोच्या रिक्षाच्या कर्ण्यातून सांगतो. अडचण एवढीच, की वर्षभर राघो मुख्यतः उद्या पाणी येणार नाही, हेच सांगत फिरतो. त्याचा आवाज लांबून आला तरी बायका हंडे भरायला धावतात. त्या आवाजात तो नारपोलीपासून पूर्ण्यापर्यंत ओरडत गेला, "ताईंनो, आता कांडपासमोर बसू नका!"

पहिल्या सोमवारी कमळाबाई आल्या नाहीत.

द्रौपदीबाईंनी सकाळीच दोन कप काढून ठेवले होते. दुपारी एकच कप चहा झाला. "सून आजारी असंल," त्या म्हणाल्या. मंगळवारी म्हणाल्या, "हळद असंल कुठं." बुधवारी दुसरा कप फळीवर परत गेला. दीक्षाने समजावलं की एका गिऱ्हाइकासाठी हंगाम अडवून चालत नाही, म्हणून बाईंनी जन्मात पहिल्यांदा कमळाबाईंच्या आधी दुसऱ्यांच्या मिरच्या घ्यायला होकार दिला. पण घेणार कोणाच्या? बायका डबे घेऊन यायच्या, रिकाम्या जागेकडे बघायच्या आणि विचारायच्या, "बसू कुठं?" दीक्षा गोड हसून सांगायची, "बसायचं नाही ताई. द्या आणि जा." बाई एकदा डब्याकडे बघायची, एकदा पाकिटाकडे, आणि म्हणायची, "बरं, ह्यांना विचारून येते."

तिथे मी ओळखलं की काम बिघडलं. बावीस वर्षांत या गल्लीतल्या एकाही बाईने मसाल्याबद्दल नवऱ्याला विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

आठवडाभरात बाजारात बोलणं सुरू झालं. घरी जा म्हणते म्हणजे मागे काहीतरी घालायचं असणार. इतकी वर्षं वाकून बघायला लावायची, आता का नको? दीक्षाच्या कानावर हे आलं आणि ती संतापली. पोरगी खरी, म्हणून संताप खरा. म्हणाली, "अफवेला उत्तर दिलंच पाहिजे." मी म्हटलं, "थोडं थांबूया का?" पण मी हे इतक्या हळू म्हटलं की ते माझं मलाच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी राघोची रिक्षा पुन्हा निघाली:

"द्रौपदीबाईंच्या मसाल्यात विटेची भुकटी नाही! लाकडाचा भुसा नाही! रंग नाही! भेसळ दाखवा, मिक्सर मिळवा!"

तोवर लोकांना नुसताच संशय होता. आता यादी मिळाली. विटेची भुकटी हे तर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. "चोराच्या मनात चांदणं," असं भाजीवाली माझ्यासमोर म्हणाली, आणि मी कोथिंबीर न घेताच परत आलो. बक्षिसाचा मिक्सर दीक्षाने कांडपाच्या दारात लाल फीत बांधून मांडून ठेवला. येणारे जाणारे थांबून विचारायचे, "कांडप बंद केलं का? याची वॉरंटी किती?" दोन जणींनी मिक्सर विकत मागितला. मसाला एकीनेही मागितला नाही.

मशीन गप्प झालं. शेजारच्या कारखान्यातले लूम तेवढे खटखटत होते. मी नऊ दिवस शिंकलो नाही. आधारकार्डं सुबक निघाली. सांगायला लाज वाटते, पण दहाव्या दिवशी मी सकाळी उठून मुद्दाम नाक चोळून बघितलं. समोर द्रौपदीबाई रोज उखळं पुसायच्या, तांदूळ फिरवायच्या, पुन्हा पुसायच्या. भेसळीच्या बोलण्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. "लोक बोलतात, मग गप होतात," एवढंच. पण अधूनमधून गल्लीच्या तोंडाकडे बघून म्हणायच्या, "कमळा आली न्हाय." मला ते ऐकवेना.

खबर आणली राघोनेच. चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, "पूर्ण्याच्या कमळाबाईंना आत्ताच निजामपुऱ्यात सोडलं. तिथल्या एका भाईच्या कांडपावर. मिरच्या होत्या सोबत."

द्रौपदीबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. मग त्या आत गेल्या आणि स्वतःच्या घरच्या मिरच्यांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. चपला घातल्या. दीक्षा म्हणाली, "आजी, मी येते." बाई म्हणाल्या, "तू मिक्सर सांभाळ." आणि माझ्याकडे वळून, "पत्रक तू छापलंस. पिशवी तू उचल."

मी उचलली.

निजामपुऱ्यातलं ते कांडप एका बोळात आहे. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, आणि रांगेत शेवटी कमळाबाई. नाकाला पदर, डोळ्यांना धार. भाईने मान वर न करता सांगितलं, "बैठो अम्मा, दो नंबर के बाद आपका." द्रौपदीबाई जाऊन कमळाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. मी पिशवी मांडीवर घेऊन मागे बसलो आणि शिंकायला सुरुवात केली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दोघींनी नजर समोरच्या मशीनवर ठेवली. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि उखळात नवी मिरची अजून पुरती पडलीही नव्हती.

"तू कसाला आलीस?" कमळाबाई म्हणाल्या.

"मसाला कुटाला."

"का? तुझी मशीन मोडली?"

"मशीन चांगली हाय. बसाला जागा न्हाय."

कमळाबाईंनी पदर खाली घेतला. चिडल्या की त्यांची गावची बोली दाट होते, 'मला'चं 'मना' आणि 'तुला'चं 'तुना' होतं. "तूच त सांगितलंस बसू नका म्हनून! माझ्या दारावरून रिक्षा गेली. सून हसाला लागली. बोलते, आई, तुमच्या मैत्रिणीनं तुम्हाला हाकललं. मना किती लागलं तुना काय ठाव."

"ते सगळ्यांना होतं गं."

"मना वाटलं मनाच हाय."

द्रौपदीबाईंनी खुर्ची कमळाबाईंकडे वळवली. मग त्यांच्या मनात जे सलत होतं ते त्यांनी विचारलं. "मी भेसळ करते असं वाटलं काय तुला?"

"भेसळ? तू?" कमळाबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की भाईने मशीन थांबवलं. "येडी हाय का? तुना ती जमंल तरी का? अगं, मना बसाचं असतं, दुरपे. वर्षातून एकदा. माझा नवरा केसरीनाथ गेला त्या सालापासून मी रडते ती तुझ्याच बाकड्यावर. घरात डोळं पुसलं का सून गोळी आनते, पोरगा डॉक्टरला फोन लावतो. चांगली हायत पोरं. पन रडू देत न्हाईत. तुझ्याकडं मिरचीच्या नावावर रडून घेते, कोनाला कलत बी न्हाय."

"मला ठाऊक हाय," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"तुना कसं ठाऊक?"

"त्या साली तू धणे कुटताना पन रडत होतीस. धण्यानं कोन रडतं?"

कमळाबाई एक क्षण बघतच राहिल्या. मग हसल्या. द्रौपदीबाई पण हसल्या. पाकिटावरच्या फोटोसारखं नाही, तोंड उघडं टाकून, खुर्ची हलेपर्यंत. रांगेतल्या बायकांना काही कळलं नाही, पण हसण्याची लागण होतेच, त्याही हसल्या. भाईने आता द्रौपदीबाईंना नीट बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, आप तो नारपोलीवाली! आप यहाँ मसाला पिसवाने आयीं?" त्याला वाटलं, ही त्याच्या धंद्याची हेरगिरी. पण तो भला माणूस. त्याने तिघांना चहा पाजला आणि कमळाबाईंच्या न कुटलेल्या मिरच्या हसत परत बांधून दिल्या.

आम्ही परतलो तेव्हा दीक्षा काउंटरवर हात टेकून उभी होती. मी तिला निजामपुऱ्यात काय झालं ते सांगितलं. धण्यांचं पण सांगितलं. तिने जो त्रास शोधून काढला होता, त्याच्यासाठीच बायका येत होत्या, हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना मला दिसलं. मग ती रस्ता ओलांडून माझ्या दुकानासमोर आली. बाकड्यावर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले दोघे बसले होते, त्यांना तिने उठवलं, एक टोक धरलं आणि म्हणाली, "काका, दुसरं टोक धरा."

राघोला तिसऱ्यांदा बोलावलं. या वेळी पत्रक नव्हतं. दीक्षा मजकूर लिहायला बसली तेवढ्यात कमळाबाईंनी राघोच्या हातातून माईक घेतला आणि रिक्षात चढल्या. नारपोलीपासून पूर्ण्यापर्यंत लोकांनी ऐकलं, "बायांनो, मी पूर्ण्याची कमळा बोलते. दुरपीचं बाकडं परत आलंय. मिरच्या असतील त घेऊन या. नसतील त नुसत्या या. सोमवारी माझी घाणी हाय, तिच्या आधी कोनी आली त माझ्याशी गाठ हाय!" राघो नंतर म्हणाला की त्याच्या कर्ण्यातून एवढी चांगली बातमी कधी गेली नव्हती. एका म्हातारीने तरी सवयीने हंडा भरून ठेवलाच.

सोमवारी सकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आलेली, लग्नांचे, हळदीचे दिवस, सगळ्यांच्या मिरच्या वाळून तयार. बाकड्यावर सहा जणी मावतात तिथे नऊ बसल्या होत्या. मिक्सर बाईंनी मला देऊन टाकला होता, बाकडं गेल्याची भरपाई म्हणून. मी त्यात चहाचं आलं वाटतो. चांगला आहे.

कमळाबाईंच्या मिरच्या उखळाशी आल्या. द्रौपदीबाईंनी तांदूळ फिरवले, पुसलं आणि म्हणाल्या, "उखळ बघ."

"मी न्हाय बघनार," कमळाबाई बाकड्यावरून म्हणाल्या. "मी बसाला आलेय."

"बघ म्हनते ना."

"तीस साल बघितलं. आता तू बघ."

द्रौपदीबाईंनी बटणावरचा हात काढला आणि कमरेवर ठेवला. कमळाबाईंनी मांडी घातली. एकीचं मशीन कोणी डोकावल्याशिवाय चालणार नव्हतं आणि दुसरी मैत्रिणीवर भरवसा दाखवायचा हट्ट सोडणार नव्हती. मागून बायका ओरडायला लागल्या, आमचा नंबर कधी, ऊन चढलं. शेवटी आतून दीक्षा पुढे आली. तिने केस मागे सारले, वाकली आणि उखळात पार डोकं घालून, दोन्ही बाजूंनी बघितलं.

"बघितलं का?" आजीने विचारलं.

"बघितलं, आजी."

मुसळं धपाधप पडायला लागली. मला पहिली शिंक आली आणि एका माणसाचं अर्धं आधारकार्ड गेलं. कमळाबाईंनी जरा सरकून बाकड्यावर वीतभर जागा केली आणि दीक्षाला ओढून शेजारी बसवलं. थोड्या वेळाने बघतो तर पोरगी पदर नाही म्हणून ओढणीत तोंड खुपसून रडत होती, खांदे हलेपर्यंत. मिरचीने एवढं रडत नाहीत. तीन आठवडे तिनेही काहीतरी धरून ठेवलेलं असणार. मला राहवलं नाही. मी पाण्याची बाटली घेऊन रस्ता ओलांडला आणि म्हटलं, "काय झालं गं, दीक्षा?"

कमळाबाईंनी डोळे न पुसताच मला हाताने अडवलं.

"चांगदेव, इथं कोनी इचारत न्हाय."

मी बाटली बाकड्याखाली ठेवली, परत आलो आणि पुढचं आधारकार्ड घेतलं.